खुशाल नालबंदाचा हात

रागीट माणूस मला लांबून ओळखू येतो, कारण मीही त्याच माळेतली. आमच्या घरातल्या एकाही तांब्याची कड शाबूत नाही, आणि माझे यजमान चंपतराव अजूनही चहा मागण्याआधी माझा चेहरा बघून घेतात. तेव्हा खुशाल नालबंदासारखा तापट माणूस तेलुगू मुलखाच्या कडेवरच्या आमच्या इचोड्याच्या बाजारात दुसरा नव्हता असं मी म्हणते, ते जाणकाराचं मत समजावं. त्याच्यासारखा ताकदीचा माणूसही मी दुसरा पाहिला नाही. मात्र ती ताकद नेमकी कुठं होती, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, मोरक्या, घुंगरमाळा, पोळ्याच्या दिवसांत झुली आणि गोंडे. समोरून हैदराबाद-नागपूर रस्ता, त्यावर दिवसभर ट्रकांची घरघर. दुकानाच्या बाजूला कडुनिंबाचं झाड, आणि झाडाखाली खुशालची जागा. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्या डांबरी रस्त्याला लागायच्या, आणि डांबरावर बिननालाचा बैल किती चालणार? मग झाडाखाली बैलांची रांग लागायची. शेतकरी त्याच्याकडे नाल मारून घ्यायचे आणि जाताना आमच्याकडून एखादा कासरा न्यायचे. शेजार असा पक्का होता.

नाल मारायचा तर बैल आधी जमिनीवर पाडावा लागतो. दोराचा फास पाठीवरून, पोटाखालून घ्यायचा, आणि बैलाला कळायच्या आत असा ओढायचा की तो आपल्याच वजनानं खाली बसतो. मग एकानं मानेवर बसून शिंग धरायचं आणि दुसऱ्यानं चारही पाय एकत्र आवळायचे. इतरांना या कामाला चौघं लागत. खुशालला बैलाच्या धन्याशिवाय कोणी लागत नसे. दोर एका हातात, शिंग दुसऱ्या हातात, आणि बैल खाली. बाजाराच्या दिवशी पोरंटोरं सोडाच, तालुक्याहून आलेले साहेबलोकही थांबून बघत. त्याला ते कळायचं आणि आवडायचंही. मिशी नव्हती, नाहीतर नक्की पिळली असती.

पण हाच माणूस भडकला की त्याला जनावर आणि माणूस यांतला फरक कळत नसे. कुण्या ट्रकवाल्यानं झाडाखाली ट्रक लावला म्हणून त्याला खाली ओढून बडवला. चहावाल्याशी भांडून त्याची शेगडी रस्त्यावर उलटी केली. बाजारात कोणी मिळालं नाही, तर घरी त्याची बायको होतीच. बयनाबाई बारीक चणीची, कमी बोलणारी. खिळे निवडून द्यायला ती रोज झाडाखाली बसायची. एखाद्या सकाळी पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला दिसला की आम्ही काय ते समजायचो. मी एकदा खुशालला तोंडावर बोलले, तर म्हणाला, वयनी, तुमी तुमचे कासरे पाहा. मी त्या वेळी पाहिलेही.

त्र्याऐंशी साली गुडीहत्नूरकडचा डोमाजी आपला तांबडा बैल घेऊन आला. वासरू असल्यापासून त्यानं वाढवलेला, पण बुजरा. पाडताना बैलानं लाथ झाडली, ती खुशालच्या मांडीवर बसली. बघणारे हसले. कोणी तरी म्हणालं, पैलवानाले बैलानं पाडलं. झालं, खुशालचं डोकं फिरलं. त्यानं बैल पाडला, आवळला, आणि असे घाव घातले की एक खिळा खुराच्या नखीतून सरळ न जाता आत जित्या मांसात गेला. नालबंदाला हे हाताला कळतं. घाव मऊ लागतो. त्याला कळलं, आणि तरी त्यानं खिळा उपटला नाही, तसाच वाकवून नाल बसवला. डोमाजी लंगडता बैल घेऊन गेला. पाय सुजला, पिकला, मग बैलाचं सगळं अंग ताठ झालं, आणि संक्रांतीच्या आत बैल गेला. डोमाजी चार माणसं घेऊन विचारायला आला, तेव्हा खुशाल म्हणाला, तुहा बैलच खोडील होता. डोमाजी झाडाखाली सगळ्यांसमोर रडला. मी माणसाला बैलासाठी असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी खुशालनं घरी जाऊन बयनाबाईवर हात टाकला. सकाळी तिनं एक गाठोडं उचललं आणि बेल्लमपल्लीला बहिणीकडे, गयाबाईकडे, निघून गेली. गयाबाईचा नवरा तिथं खाणीत होता, खाणवाल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांचं घर होतं.

महिनाभर खुशाल एकटा राहिला. मग तिला ओढून आणतो असं सगळ्या बाजाराला सांगून गाडीत बसला. पुढचं मी बयनाबाईकडून आणि गयाबाईकडून वेगवेगळं ऐकलंय, आणि दोघींचं जुळतं. हा क्वार्टरच्या दारात उभा राहून ओरडायला लागला. आतमध्ये प्रार्थना चालली होती. गयाबाईच्या घरचे तेव्हा ख्रिस्ती झाले होते, आणि तेलुगू पास्टर, ज्यांना तिकडे अय्यगारू म्हणतात, आठवड्याला तिथं येत. दम्यानं खंगलेला म्हातारा माणूस. ते बाहेर आले, त्यांनी खुशालला बसायला खाट दिली आणि विचारलं, काम काय करतोस. हा फुशारला. म्हणाला, बैल पाडतो, कसाही आणा. गयाबाई तेलुगूचं मराठी करून सांगत होती. अय्यगारू खोकत खोकत म्हणाले, आत्ता दारात एकानं तुला पाडलं आणि तो तुझ्या मानेवर बसून तुझ्याच तोंडानं ओरडला. त्याला कधी पाडलंस का? आमच्या शास्त्रात शहर जिंकणाऱ्यापेक्षा त्याला पाडणारा मोठा.

दुसरं कोणी हे बोललं असतं तर दात पडले असते. पण त्या म्हाताऱ्याला मारून मिरवायचं तरी काय? खुशाल खाली बसला. त्या दिवशी तो उठून आला नाही, त्या आठवड्यातही आला नाही. रोज संध्याकाळी प्रार्थनेला मागं बसायचा. अय्यगारू त्याला येशूची गोष्ट सांगायचे. लोकांनी थोबाडीत मारली, तोंडावर थुंकले, आणि ज्याच्या हातात सगळं होतं तो गप्प उभा राहिला. खुशालनं म्हणे पुन्हा पुन्हा विचारलं की तो गप्प काऊन राह्यला, भ्याला होता का? अय्यगारूंनी सांगितलं, हे तुझं तू शोध.

निघायच्या दिवशी बयनाबाई सगळ्यांसमोर बोलली. आयुष्यात ती इतकं लांबलचक बोललेली नसेल.

"येईन मी. पण पुन्यांदा हात उचलला, माह्यावर म्हणा, परक्यावर म्हणा, मुक्या जनावरावर म्हणा, त त्या दिवशी मी गेली. मंग बेल्लमपल्लीले येऊ नका."

खुशालनं मान डोलावली. अशी दोघं परत आली.

बाजाराला तर आयतीच करमणूक मिळाली. खुशाल बाटला, खुशाल साहेब झाला, आता विलायतेतून नाल मागवणार, एक ना दोन. इचोड्याला तेव्हा चर्च नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या तेलुगू नर्सबाईच्या घरी रविवारी पाच-सहा माणसं जमत, त्यांत ही दोघं. खुशाल तिथं तेलुगू गाणी आमच्या वऱ्हाडी हेलात म्हणायचा. मी एकदा भिंतीआडून ऐकली आहेत. देवाला मराठी आणि तेलुगू दोन्ही येत असतील म्हणून बरं. मी काही माझा देव सोडला नाही, माझे उपासतापास चालूच आहेत. पण शेजारी काय चाललंय ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं, आणि डोळे काही कोणत्या देवाचे नसतात.

परत आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते डोमाजीच्या गावी जाण्याचं. बैल खोडील नव्हता, खिळा मी रागानं जित्यात मारला, मला माहीत होतं, असं त्यानं डोमाजीच्या दारात उभं राहून सांगितलं. डोमाजीनं कुत्रं सोडलं. खुशाल पोटरीला पट्टी बांधून आला. मी म्हटलं, बरं झालं, खोड मोडली. तो म्हणाला, कुत्र्याची काय चूक, वयनी.

राग असा एका दिवसात जात नाही, हे मी सांगायला नको. त्याचा तर बापजाद्यांपासून चालत आलेला. पहिल्याच हंगामात कोणी वाकडं बोललं आणि त्याचा हात वर गेला. बयनाबाई खिळे निवडत होती, तिचे हात थांबले. खुशालनं तो हात तसाच फिरवून कडुनिंबाच्या बुंध्यावर आपटला. बोटांची साल निघाली. बयनाबाई हळूच म्हणाली, झाड बी जितंच असते. तेव्हापासून झाडही सुटलं.

मग त्यानं दुसरी युक्ती काढली. नालबंद काम करताना खिळे ओठांत धरतो, हात मोकळे राहावेत म्हणून. खुशाल राग आला की खिळे तोंडात घ्यायला लागला, समोर बैल असो नसो. ओठांत खिळे असले की बोलता येत नाही, दात खाता येत नाहीत, आणि श्वास नाकानंच घ्यावा लागतो. बाजाराला हे कळल्यावर टवाळांना जोर आला. त्याला मुद्दाम डिवचायचं आणि खिळे तोंडात जाताना बघायचं. आमचे चंपतरावसुद्धा एकदा म्हणाले, बोला की खुशालराव, गप्प काऊन? तो खिळ्यांसकट हसला आणि एक खिळा गिळता गिळता राहिला. पुढं पुढं खिळ्यांचं काम कमी होत गेलं. नव्वद सालाच्या सुमाराला तर मी ते पाहिलेलंच आठवत नाही. हात मात्र बैलावर पूर्वीसारखाच चालायचा. उलट आता बैल पाडताना तो त्याच्याशी बोलायचा, आणि एकाही बैलाच्या जित्याला खिळा लागला नाही.

लोक म्हणत, खुशाल थंड पडला. वय झालं, देव बदलला, हवा गेली. खरं सांगते, मलाही थोडं तसंच वाटायचं. भांडत नाही तो माणूस एक तर भित्रा नाही तर थकलेला, एवढंच माझं शहाणपण.

चौऱ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच सरली होती. बाजाराचा दिवस, झाडाखाली रांग. भगवानराव नावाच्या कास्तकाराचा थोराड पांढरा बैल खाली होता. खुशाल मानेवर, भगवानराव पायांच्या दोराशी, बयनाबाई बाजूला टोपलीतून खिळे देतेय. तेवढ्यात रस्त्यापलीकडे डोमाजी गाडी सोडताना दिसला. त्या बैलापासून त्यानं खुशालच्या झाडाखाली पाऊल टाकलं नव्हतं. नाल कुठून कुठून मारून आणायचा, त्या साली तर त्यानं घरीच मारले होते, आणि त्याच्या जोडीतला एक बैल पुढचा पाय उचलून चालत होता. वाटेत लोक त्याला हसले असावेत. दारूही घेतलेली होती. तो तडक आमच्याकडे आला.

आधी शिव्या. तांबड्या बैलावरून, मग धर्मावरून. खुशाल मान खाली घालून बैलाचं शिंग धरून होता. मग डोमाजीनं त्याच्या फाडकन थोबाडीत मारली. खुशालचा पटका खाली पडला. खुशाल उठला असता तर अर्धवट आवळलेला बैल उसळून पाय मोडून बसला असता. तो उठला नाही. डोमाजीला वाटलं, हा भ्याला. त्यानं दुसरी दिली. बयनाबाई मध्ये पडली, तर त्यानं तिला ढकललं. ती टोपलीवर पडली आणि तिच्या हातातल्या बांगड्या फुटल्या.

आमच्याकडे सवाशिणीच्या बांगड्या परक्यानं फोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. नवऱ्याच्या जिवावर बोट ठेवल्यासारखंच ते. ख्रिस्ती झाली तरी बयनाबाईनं बांगड्या सोडल्या नव्हत्या. तिच्या मनगटातून रक्त निघालं होतं.

खुशालचा चेहरा मी पाहिला. दहा-अकरा वर्षांत न पाहिलेला तो जुना चेहरा. पण आवाज हळू होता. तो भगवानरावाला म्हणाला, दोर सोडा, आधी मागचे पाय. भगवानरावानं सोडले. खुशालनं बैल नीट उभा राहू दिला, त्याच्या पाठीवरची माती झटकली, कासरा भगवानरावाच्या हातात दिला. आता त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. हात रिकामे होते, तोंडात खिळे नव्हते. तो डोमाजीकडे चालत गेला, आणि लोक मागं सरकले.

मी दुकानाच्या पायरीवरून ओरडले, मार त्याले. माझ्याच्यानं राहवलं नाही, आणि त्याची मला आजही लाज नाही. बाजारातल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं. त्या दिवशी मारलं असतं तर कोणी त्याला दोष दिला नसता, त्याचा देवसुद्धा समजून घेईल असं मला वाटलं.

बयनाबाई जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत होती. तिच्याइतकं टक लावून दुसरं कोणी बघत नव्हतं.

डोमाजीनं पुन्हा हात उगारला. खुशालनं त्याची दोन्ही मनगटं धरली. बैलाचं शिंग धरणारे ते पंजे. डोमाजी हिसके देत राहिला, हलू शकला नाही. आणि तेव्हा मी पाहिलं की खुशाल थरथरतोय. मानेपासून पायापर्यंत, हिवतापात माणूस थरथरतो तसा. घामानं सदरा अंगाला चिकटला. खालचा ओठ दाताखाली, त्यातून रक्त. एवढा मोठा बैल पाडतानाही त्याला घाम येत नसे. कोण कोणाला पाडतंय ते मला त्या क्षणी कळलं. थंड पडलेला माणूस असा थरथरत नाही. आग सगळीच्या सगळी होती, आणि तो तिच्या मानेवर बसला होता.

हळूहळू थरथर थांबली. त्यानं डोमाजीची मनगटं सोडली आणि स्वतःचे हात खाली सोडले.

"तुह्या बैलाचा गुन्हेगार मी हाय," तो म्हणाला. "मले मारून राह्यला, मार. मी हात लावत नाई. पण तिनं तुहं काई केलं नाई. तिले हात लावू नको."

डोमाजीची दारू उतरली असावी. त्यानं मारलं नाही. नुसता उभा राहिला.

खुशाल त्याला वळसा घालून रस्ता ओलांडून गेला. लंगडणाऱ्या बैलाशी वाकला, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि खिळे चाचपत गेला. न पाडता, न बांधता, उभ्या बैलाचा. एक खिळा उपटून काढला, टोकाला पू लागलेला. आणखी थोडा खोल गेला असता तर हाही तांबड्याच्याच वाटेनं गेला असता. बयनाबाई उठून मनगटाला पदर गुंडाळत त्याच्यामागं गेली होती, तिनं हळद मागितली, ती मी धावत नेऊन दिली. खुशालनं जखम धुतली, हळद भरली, चिंधी बांधली. आठ दिवस गाडीला जुंपू नको, एवढंच डोमाजीला सांगितलं आणि परत येऊन पुढच्या बैलाला दोर टाकला.

डोमाजीनं माफी मागितली असं सांगायला मला आवडलं असतं. मागितली नाही. बैल घेऊन गेला. पुढच्या हंगामापासून त्याचे बैल मात्र खुशालच्याच झाडाखाली यायचे. घेऊन दुसरंच कोणी यायचं, आणि खुशाल ते सगळ्यांत आधी घ्यायचा.

संध्याकाळी मी नव्या बांगड्या घेऊन बयनाबाईकडे गेले. काचेच्या, हिरव्या. खुशाल बाहेर अंगणात पाठ करून बसला होता. आत बयनाबाई खाटेखालून एक गाठोडं ओढून काढत होती. धुळीनं भरलेलं, गाठी कडक झालेल्या. दातांनी सोडवत होती. मी विचारलं, हे काय गं?

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, बेल्लमपल्लीहून परत आल्यावर तिनं ते सोडलंच नव्हतं. एक लुगडं, एक चोळी, तांब्या, कंगवा. निघायची वेळ आली तर बांधत बसायला नको. खुशालनं तिला शब्द दिला होता, आणि त्या शब्दावर ती रोज त्याच्या शेजारी बसून खिळे निवडत होती, पण गाठोडं बांधलेलंच होतं. खुशालला माहीत होतं का, मी विचारलं.

"रोज त्यायच्याच खाटेखाली होतं," ती म्हणाली.

म्हणजे इतकी वर्षं तो माणूस त्या गाठोड्यावर झोपला, आणि सोड असं एकदाही म्हणाला नाही. मी, जिच्या तोंडाला टाळं लावायला चंपतरावांना जन्म पुरला नाही, मी तिथं खाली बसले आणि रडले.

गाठ सुटली. लुगडं निळं होतं, कोरं, तिच्या आईनं दिलेलं. बयनाबाईनं ते झटकून उलगडलं, तर ते घडीघडीवर फाटत गेलं. इतकी वर्षं एकाच घडीत राहिलं, कापडाचा जीव गेला होता. मी हळहळले, म्हटलं, अगं, नेसली असतीस तर टिकलं असतं.

तिनं ते फाटलेलं लुगडं मांडीवर घेतलं, आणि पहिल्यांदा मी बयनाबाईला मोकळं हसताना पाहिलं.

"फाटू दे," ती म्हणाली. "आता कुठं न्याचं हाय?"